अकरा महिन्यांचं ‘तुम्ही’

सोमवारी सकाळी विभागातल्या आम्हा सातही जणांना एकच ईमेल आला. तीन ओळींचा. विभागप्रमुख दीर्घ रजेवर जात आहेत, पुढील आदेशापर्यंत कार्यभार अमुक यांच्याकडे राहील, सर्वांनी सहकार्य करावे. वाचून झाल्यावर सहा माना खिडकीजवळच्या टेबलाकडे वळल्या. तिथे बसलेली बाई आमच्यातलीच. आदल्या शुक्रवारीच तिने याच प्रमुखांची नक्कल करून आम्हाला हसवून बेजार केलं होतं. चष्मा कपाळावर, पेनाचं टोपण दातात धरलेलं, आणि वर ‘हे असं चालायचं नाही’.

कोणीतरी पुटपुटलं, “हे असं चालायचं नाही.” सगळे हसले. तीही हसली, पण आधी तिने दाराकडे पाहिलं.

हे प्रकरण त्या ईमेलपासून सुरू होतं आणि अकरा महिन्यांनी, प्रमुख परत आले आणि ती पुन्हा खिडकीजवळ येऊन बसली, तेव्हा कागदोपत्री संपतं. लिहिणारी मी त्या सहांपैकी एक. सगळं आटोपल्यावर मी तिच्याशी आणि चौघांशी वेगवेगळं बोलले. एकाने ‘जाऊ दे ना आता’ म्हणून विषय टाळला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. यातला रजेचा अर्ज माझाच आहे, तेव्हा तो भाग जरा सावधपणेच वाचावा. आणि या लेखात मी तिला ‘ती’ म्हणते आहे. त्या अकरा महिन्यांत चारचौघांत ते माझ्या तोंडून निघालं नसतं.

केबिनमध्ये कोणी बसवलं

राल्फ लिंटन या मानववंशशास्त्रज्ञाने १९३६ साली दर्जा आणि भूमिका यांच्यात एक फरक केला, तो आजही समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. दर्जा म्हणजे समाजाच्या रचनेतली एक जागा, तिच्याबरोबर येणारे हक्क आणि कर्तव्यं. भूमिका म्हणजे त्या जागेवरचा माणूस ते हक्क-कर्तव्य प्रत्यक्ष वागून दाखवतो ते. दर्जा एका ईमेलने बदलता येतो. भूमिकेला दिवस लागतात, आणि ती एकट्याने वठवता येत नाही. समोरच्यांनी आपापली बाजू वठवावी लागते.

पहिल्याच दिवशी तिने जाहीर केलं होतं, “काही बदलणार नाही. मी इथेच बसणार आहे.” आणि ती खरंच बसली. प्रमुखांची केबिन कुलूपबंद राहिली.

तिसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याला घरच्या आजारपणाबद्दल बोलायचं होतं. तो तिच्या टेबलाशी आला, उभा राहिला, स्टेपलर उचलून खाली ठेवला, निघून गेला. पुन्हा आला. शेवटी म्हणाला, “इथे नको ना.” दोघं जिन्यात जाऊन बोलली. त्याच आठवड्यात दुसरीला कामाच्या वाटणीबद्दल तक्रार करायची होती, आणि जिच्याबद्दल करायची होती ती दोन हातांवर बसलेली. वरच्या मजल्यावरून फोन यायचे, तेव्हा ती हलक्या आवाजात बोलायची आणि आम्ही सगळे टायपिंग थांबवायचो. ऐकायला म्हणून नव्हे; आपण ऐकत नाही हे दाखवायला. परिणाम एकच, की खोलीत तिचाच आवाज उरायचा.

नवव्या दिवशी आमच्यातल्याच एकाने जाऊन केबिनची किल्ली आणली. बाराव्या दिवशी ती आत बसली. त्या दिवशी विभागात कितीतरी दिवसांनी मोकळ्या गप्पा झाल्या. आणि पुढच्याच आठवड्यात, ज्याने किल्ली आणली त्यानेच मला म्हटलं, “बघितलंस, केबिन लागलीच.”

पद मिळालेल्या माणसाबद्दल ‘खुर्ची डोक्यात गेली’ म्हणायची आपली सवय आहे. कधीकधी ते खरंही असतं. पण या प्रकरणात खुर्ची आधी आमच्या डोक्यात गेली. तिच्या डोक्यापर्यंत ती बरीच नंतर पोचली.

कर्ता नसलेली वाक्यं

ती मला चार वर्षांनी मोठी, पण आम्ही एकमेकींना ‘अगं-तुगं’ करायचो. विभागातले आणखी तिघंही तिला ‘तू’ म्हणायचे. नवा मुलगा सगळ्यांनाच ‘तुम्ही’ म्हणायचा, त्याचा प्रश्न नव्हता. सगळ्यांत ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तर तिला कामाला लागल्यापासून शिकवलं होतं. ते तिला नावाने हाक मारायचे आणि ‘तू’ म्हणायचे.

ईमेलनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत एक मजेशीर गोष्ट घडली, ती माझ्या लक्षात बऱ्याच उशिरा आली. आमच्या बोलण्यातून ‘तू’ गेलं, पण त्याच्या जागी ‘तुम्ही’ काही आलं नाही. कर्ताच गेला. “बघून झालं का?” “सही हवी होती.” “वर पाठवायचं ना हे?” “मीटिंगला जायचंय का आज?” मराठीत अशी वाक्यं करणं फार सोपं आहे, आणि आम्ही सगळे, कोणी कोणाला न सांगता, त्या आडोशाला जाऊन उभे राहिलो. चौकटीतून आत पाय टाकायचा नाही आणि बाहेरही राहायचं नाही, तसं.

रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपीय भाषांमधल्या अशा सर्वनामांचा अभ्यास मांडला. त्यांच्या म्हणण्यानुसार या निवडीमागे दोन ओढी असतात: सत्ता आणि जवळीक. सत्तेच्या ओढीत वरचा खालच्याला एकेरी बोलतो आणि खालचा वरच्याला आदरार्थी. जवळिकीच्या ओढीत दोघंही एकमेकांना सारखंच बोलतात. पंचाईत होते ती या दोन ओढी एकाच माणसाशी उलट दिशांना खेचू लागल्या की. आमची तीच पंचाईत झाली होती, आणि मराठीत तर ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशा तीन पायऱ्या. घसरायला जागा जास्त.

कोंडी फोडली ती ज्येष्ठांनी. चौथ्या आठवड्यात, सगळ्यांसमोर, अगदी स्वच्छ आवाजात ते म्हणाले, “तुम्ही ठरवा, मी करतो.” ती गोरीमोरी झाली. ज्याने शिकवलं त्याचं ‘तुम्ही’ आदराचं आहे की टोमणा, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही असं ती म्हणाली. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “दोन्ही नाही. मी वयाने मोठा आहे, ती पदाने. दोन शिड्या एकाच भिंतीला लावल्यात. कुठल्यातरी एका शिडीवर उभं राहावं लागतं, नाहीतर दोघंही पडतो.” समाजशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत अर्पित दर्जा आणि अर्जित दर्जा अशी जोडी असते, म्हणजे आपसूक मिळालेला आणि कमावलेला. त्या दोन शब्दांपेक्षा मला शिड्या जास्त पटल्या.

ज्येष्ठांनंतर आठवड्याभरात सगळे ‘तुम्ही’वर आले. मीही. एकटीत ‘तू’ आणि चारचौघांत ‘तुम्ही’ असं मी महिनाभर सांभाळलं. मग एकदा एकटीतही ‘तुम्ही’ निघून गेलं आणि दोघींनीही ते ऐकलं नाही असं केलं.

दुसरा ग्रुप

विभागाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. कामाचं थोडं, विनोद जास्त, आणि वरच्यांबद्दल कुरकुर सगळ्यांत जास्त. ती त्यात होतीच. किंबहुना ग्रुप तिनेच काढलेला. ईमेलनंतर तिथे एकदम शिस्त आली. ‘उद्या सव्वादहाला बैठक.’ त्यावर सहा अंगठे.

दुसरा ग्रुप आठव्या दिवशी निघाला. कोणी काढला हे मला माहीत आहे, पण त्याने ‘काढायचं’ असं काही ठरवलं नव्हतं. त्याला एक विनोद पाठवायचा होता. विनोद वरच्या मजल्याबद्दल होता. पाठवताना त्याने यादीतून एक नाव वगळलं, इतकंच. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन माणसांच्या रोजच्या वागण्याला रंगमंचाची उपमा देत असे: पुढे प्रेक्षकांसाठीचं वागणं, मागे विंगेत सैल सोडलेलं. आमची विंग होती तो जुना ग्रुप. आता तिथे प्रेक्षक बसला होता, म्हणून आम्ही नवी विंग बांधली. प्रेक्षकाने काही केलं नव्हतं, तिकीटसुद्धा मागितलं नव्हतं.

माझा अर्ज

चौथ्या महिन्यात दोघांनी एकाच आठवड्याची रजा मागितली, मी आणि नव्या मुलाने. माझं कारण भक्कम होतं, त्याचं फिरायला जाण्याचं. मी गृहीतच धरलं होतं. दुपारी ईमेल आला: ‘आपल्या रजेच्या अर्जाचा सध्या विचार करता येणार नाही.’ पाठवणारी बारा पावलांवर, काचेपलीकडे बसलेली. मला तिचा डोक्याचा मागचा भाग दिसत होता.

मी उत्तर लिहिलं: ‘आपल्या निर्णयाबद्दल आभारी आहे.’ ‘आपल्या’ हा शब्द मी निवडून वापरला. मराठीत आदरासारखं धारदार हत्यार नाही.

तिची बाजू मला वर्षभराने कळली. ती म्हणाली, “तुला दिली असती तर बाकीच्या पाचही जणांनी मैत्रिणीला दिली म्हटलं असतं. त्याला दिली तर फक्त तू चिडणार होतीस. आणि तू चिडलीस तरी राहशील असं वाटलं.” समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने १९५७ साली दाखवून दिलं होतं की एका दर्जाला एकच भूमिका चिकटलेली नसते, भूमिकांचा संच असतो. तिच्या संचात वरचा मजला होता, त्याला आकडे वेळेवर हवे होते. आम्ही होतो, आम्हाला ती पूर्वीसारखी हवी होती. नवा मुलगा होता, त्याला न्याय हवा होता. मी होते, मला मैत्रीण हवी होती. अशा वेळी माणूस ज्याच्याशी सगळ्यांत घट्ट नातं आहे त्यालाच तोशीस देतो, कारण बाकीचे धागे तेवढा ताण घेणार नाहीत असं त्याला वाटतं. मित्र साहेब झाला की मित्रालाच जास्त कडक वागतो, या सार्वत्रिक तक्रारीच्या मागे मला तरी हेच दिसतं. तेव्हा मात्र दिसलं नव्हतं.

इथे कोणीतरी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या १९७१च्या नकली तुरुंगाचा दाखला देईल: विद्यार्थ्यांना पहारेकरी केलं आणि ते क्रूर झाले, म्हणजे भूमिका माणसाला गिळते. त्या प्रयोगावर मी फार भिस्त ठेवणार नाही. पहारेकऱ्यांनी कडक वागावं असं संशोधकांच्या बाजूनेच सुचवलं गेलं होतं, हे नंतर पुढे आलं. आणि मुळातही सगळे पहारेकरी सारखे वागले नव्हते. आमच्याकडे कोणी कोणाला गिळलं नाही. प्रत्येक जण दुसऱ्याला काय वाटेल याचा हिशेब करत होता, आणि सगळ्यांचे हिशेब मिळून जे उत्तर येत होतं ते कोणालाच नको होतं.

तिसरा रकाना

त्याचा सगळ्यांत चोख नमुना सहाव्या महिन्यातल्या बैठकीत दिसला. महिनाअखेरचं विवरणपत्र वर जायचं होतं. तिने त्याच्या छापील प्रती वाटल्या. तिसऱ्या रकान्यात या वर्षीचे दर धरायला हवे होते. गेल्या वर्षीचेच राहिले होते. एकूण बेरीज बघितली तर जरा कमी, पण डोळ्यांत भरण्याइतकी नाही.

माझ्या शेजारी नवा मुलगा बसला होता. त्याने तिसऱ्या रकान्याच्या शेजारी पेन्सिलीने एक ठिपका दिला. इतका बारीक की खोडायचीही गरज पडू नये. मी ठिपका पाहिला. मलाही तीच शंका होती. मी ज्येष्ठांकडे पाहिलं. ते कागदाचा कोपरा दुमडत होते, उलगडत होते, पुन्हा दुमडत होते. ती म्हणाली, “काही शंका?” भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येईल इतकी शांतता. “ठीक आहे, मग पाठवते.”

विवरणपत्र दुसऱ्या दिवशी परत आलं, तिसऱ्या रकान्याभोवती लाल गोल काढून.

नंतर मी एकेकाला विचारलं. सहांपैकी किमान चौघांना चूक दिसली होती. नवा मुलगा म्हणाला, “माझं प्रोबेशन अजून चालू. एवढ्या सगळ्यांना दिसलं नाही ते मला दिसलं, म्हणजे माझंच चुकत असणार.” ज्येष्ठ म्हणाले, “मी बोललो असतो तर पोटदुखी म्हणाले असते.” चौथीला वाटलं ज्येष्ठ गप्प आहेत म्हणजे दर बदलल्याचं आपल्यालाच चुकीचं आठवतंय. माझं कारण सगळ्यांत वाईट: बघू दे तिलाच. आणि ती? “मला स्वतःलाच तिसऱ्या रकान्याची खात्री नव्हती गं. म्हटलं चुकलं असेल तर कोणीतरी टोकेलच. पूर्वी टोकायचात की.”

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशने १९५०च्या दशकात रेघांच्या लांबीचा प्रयोग केला होता. उत्तर डोळ्यांना ढळढळीत दिसत असताना, आधी बोलणारे सगळे मुद्दाम चुकीचं सांगतात. शेवटी खऱ्या सहभागी माणसाची पाळी येते. अशा फसव्या फेऱ्यांत साधारण ३७ टक्के उत्तरं गटाच्या बाजूने, म्हणजे चुकीची आली. आमच्या खोलीत तर कोणी चुकीचं बोललंसुद्धा नव्हतं. प्रत्येकाने दुसऱ्याच्या गप्प बसण्यालाच ‘बरोबर आहे’ असं वाचलं. स्वतःचं मौन भीतीचं होतं हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक, पण दुसऱ्याचं मौन मात्र सहमतीचं! माणसं एकमेकांना अशी किती सरळ अर्थाने वाचतात याचं मला अजून नवल वाटतं.

ॲशच्या प्रयोगाचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. गटात एक जरी माणूस खरं उत्तर देणारा असला, की चुकीच्या उत्तरांचं प्रमाण सुमारे चौथ्या हिश्श्यावर यायचं. तिने ॲश वाचला नव्हता, पण पुढच्या महिन्यात तिने बरोबर त्याच जागी बोट ठेवलं. बैठकीच्या आदल्या दिवशी कागद नव्या मुलाला दिला आणि विचारलं, “यात काय चुकलंय?” ‘काही शंका?’ या प्रश्नात शंका काढणारा आगाऊ ठरतो. ‘काय चुकलंय?’ म्हटलं की चूक काढणं हे त्याचं काम होतं, आणि न सापडली तरच खजील व्हायची पाळी. त्या मुलाने पुढच्या तीन महिन्यांत दोन चुका काढल्या. बैठकीत त्या त्याने स्वतः वाचून दाखवल्या, आणि दुसऱ्या वेळेला ज्येष्ठ म्हणाले, “हं, मलाही वाटलंच होतं.”

परत खिडकीजवळ

सिमोर लिबरमनने १९५६ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या प्रकरणाशी इतका जुळतो की आधी मला तो कोणीतरी बेतून लिहिल्यासारखा वाटला. अमेरिकेतल्या एका कारखान्यातल्या कामगारांची मतं त्याने आधीच नोंदवून ठेवली होती. पुढे त्यांतले २३ जण फोरमन झाले आणि ३५ जण युनियनचे प्रतिनिधी. पुन्हा विचारल्यावर फोरमन झालेल्यांची मतं व्यवस्थापनाकडे झुकलेली आढळली, प्रतिनिधींची युनियनकडे. नंतर मंदी आली आणि आठ फोरमनना पुन्हा साधे कामगार व्हावं लागलं. त्यांची मतं बऱ्याच अंशी पूर्वपदावर आली.

तिचीही आली. केबिनमधून बाहेर पडल्यावर पहिले काही दिवस ती वरच्या मजल्याची बाजू समजावून सांगायची, “अगं, त्यांनाही वरून तगादा असतो.” तिसऱ्या आठवड्यात ती आमच्याइतकीच करवादू लागली. महिन्याभरात मी ‘तू’वर आले, बाकीचे तिघंही. ज्येष्ठ आले नाहीत. त्यांचं ‘तुम्ही’ आजही आहे, आणि आता त्यात टोमणा नाही हे तिला कळतं. नक्कल मात्र तिने पुन्हा केली नाही. एकदा आग्रह केला तर म्हणाली, “त्या खुर्चीत बसलं की टोपण दातात जातंच गं. माझंही जायचं.”

लिबरमनचा अभ्यास माणसाच्या मतांचा आहे. त्याच्या भोवतीचे लोक किती परत आले, हे त्यात मोजलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत तिची जी खुर्ची असायची, तिथे आता नवा मुलगा बसायचा. तो उठायला लागला, तिने बसवलं. आणि दुसरा ग्रुप बंद झाला नाही. तिला त्यात घ्यायचं तर ‘तुम्हाला सामील करण्यात आले आहे’ हे दिसणार, ग्रुप कधी निघाला तेही दिसणार. बंद करायचा तर अकरा महिन्यांची सवय. प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा कोणीतरी काहीतरी करेल. तिसऱ्या रकान्यासारखंच.

दोन-एक महिन्यांनी जेवताना कशावरून तरी विषय निघाला आणि नवा मुलगा सहज म्हणून गेला, “ते काल ग्रुपवर होतं की, खूप हसलो.” टेबल गप्प झालं. त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. तिने फोन काढला. जुना ग्रुप उघडला; मी शेजारीच होते, मला दिसला. तिथला शेवटचा निरोप नऊ दिवसांपूर्वीचा होता, बैठकीची वेळ आणि खाली सहा अंगठे. तिने बोटाने पडदा वर सरकवला, जरा वेळ बघितल्यासारखं केलं, आणि फोन उपडा ठेवत म्हणाली, “हो, बघितलं मी. भारी होतं.”